दारापर्यंतचा रस्ता

“बरं,” आक्का म्हणाली आणि फोन बंद झाला.

विश्वजीतच्या तोंडात वड्याचा घास होता. तो गालात तसाच धरून तो फोनकडे बघत राहिला. थोरल्या बहिणीचा फोन असा कधी बंद होत नसे. ‘ठेवते’ म्हणून झाल्यावर तिला म्हैस आठवायची, पाऊस आठवायचा, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण आठवायचं, आणि शेवटी यालाच काहीतरी खोटं काम काढून सुटका करून घ्यावी लागायची. आज एकच शब्द. त्यात राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, त्याची समजूत घालता येते. हे नुसतंच दार लोटून घेतल्यासारखं होतं. साताऱ्याच्या अलीकडच्या त्या हॉटेलच्या आवारात त्याच्या गाडीची चारही दारं उघडी होती. खंबाटकीच्या घाटात शिवतेज ओकला होता, सीटवर, बहिणीच्या मांडीवर आणि चिप्सच्या पुड्यात. विश्वजीतने बाटलीभर पाणी ओतून सगळं धुतलं होतं, पायाखालच्या मॅट बॉनेटवर वाळत घातल्या होत्या. वर पाऊस भुरभुरत होता, म्हणजे त्या वाळणार नव्हत्याच. पण बापाने काहीतरी करत असल्याचं दिसावं लागतं. तिसरीतली उत्कर्षा नाकाला रुमाल लावून उभी होती आणि दर मिनिटाला गाडीत डोकावून “अजून येतोय” असं जाहीर करत होती. आणि ज्याच्यामुळे हा सगळा पसारा, तो चार वर्षांचा शिवतेज कंदी पेढा खात, शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याशी गप्पा मारत, अगदी ठणठणीत होता.

काय वाईट बोललो आपण? त्याने मनातल्या मनात पुन्हा सगळं म्हणून पाहिलं. “आक्का, पोरं लय दमल्यात गं. कडेगावात आत यायचं म्हणजे वाट वाकडी हुतीया. तू असं कर, एसटीनं कराडला ये, पुलाखाली थांब. मी तिथनं तुला घेतो, मग सरळ शिराळा.” यात वाईट काय होतं? नकाशाच्या हिशेबाने तर काहीच नव्हतं. फोनवर दोन रस्ते दिसत होते. निळा सरळ खाली शिराळ्याला जात होता आणि कराडहून डावीकडे फुटणारा राखाडी कडेगावला. आक्का राखाडी रस्त्यावर राहत होती, यात कुणाचा दोष? पण ‘वाट वाकडी हुतीया’ हे शब्द आपण कुणाला ऐकवले, हे आता त्याच्या लक्षात येऊ लागलं, आणि वडा तेलकट लागू लागला. शिवाय आज नागचवथ, उद्या नागपंचमी. आक्काचा उपास असणार. भावाचा उपास. म्हणजे आपण वडा खाता खाता ज्या बाईला सांगितलं, की तुझ्या दारात यायला आम्हाला जमत नाही, ती बाई सकाळपासून आपल्याच नावाने उपाशी होती. त्याने उरलेला वडा कुत्र्यापुढे टाकला. शिवतेजला वाटलं, बाबांनी आपल्या मित्राला दिला. तो खूश झाला.

“चला, बसा,” विश्वजीत ओरडला. उगाचच ओरडला.

आई गेली ती मार्गशीर्षात. शिराळ्याचं तीन खोल्यांचं घर तेव्हापासून बंद होतं, आणि ही आईनंतरची पहिली पंचमी. महिन्यापूर्वी आक्का फोनवर सहज बोलावं तसं म्हणाली होती, “आता मला कोण नेतंय रं? आई न्हाई, आता म्हायार कसलं?” आणि हसली होती. ते हसणं त्याला बोचलं, आणि बोचल्या भरात तो म्हणाला होता, “मी येतो की न्यायला. दारात येतो. पोरास्नी घिऊन येतो.” मग आक्काने नाक ओढलं होतं. त्यानंतर तिचे फोनच फोन. वस्तीवरचा रस्ता डांबरी झाला, “तुजी गाडी पार दारापतूर येती बघ.” हरणाबाईंना, म्हणजे तिच्या सासूला सांगितलं. त्या म्हणाल्या, लय दिसानं भाऊ येतोय, पोळ्या घाल. जावेचा, मनुबाईचा भाऊ आदल्या दिवशीच येऊन मोटारसायकलवरून तिला घेऊन जाणार होता, आक्का म्हणाली होती, “जाऊ दे की तिला फटफटीवनं. माजी मोटार येनार हाय.” पंचेचाळिशीच्या पुढची बाई. दोन पोरगे कॉलेजात. आणि तिने सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. हे सगळं त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने फोनवर पुलाखाली थांब म्हणून सांगितलं, कारण त्या क्षणी त्याच्या हाताला ओकारीचा वास येत होता.

गाडी हायवेला लागली. अजिंक्यतारा ढगात अर्धा बुडाला होता. मागून उत्कर्षाने विचारलं, “बाबा, आपण आत्याच्या घरी नाही जाणार?”

“नाही. ती कराडला येणार आहे.”

“पण तुम्ही म्हणाला होता, की तुम्ही मुराळी आहात.”

हे तिच्या लक्षात राहिलं होतं. पुण्यातून निघताना गाडीत शांतता राहावी म्हणून त्याने गोष्ट सांगितली होती, की पंचमीला बहिणीला माहेरी आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. त्याला बहिणीच्या सासरी मान असतो. तेव्हा सांगताना त्याची छाती जरा फुगली होती.

“आहेच मी मुराळी.”

“मग मुराळी घरी जातो ना?”

“जातो. पण आता गाड्या आहेत, फोन आहेत. आत्या एसटीने येईल. तिला येता येतं.”

“एकटीला येता येतं?”

“हो मग. ती मोठी आहे.”

उत्कर्षाने यावर बराच विचार केला. मग म्हणाली, “तिला एकटीला येता येतं, तर मुराळी कशाला लागतो?” तिच्या प्रश्नात काही खोच नव्हती, तिला खरोखरच कळलं नव्हतं. विश्वजीतने आरशात पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, उत्तराची वाट बघत. त्याला उत्तर येत होतं. पण ते पुण्याच्या मराठीत येईना. “गाणी लावू का?” त्याने विचारलं. शिवतेजने लगेच बेडकाचं गाणं सांगितलं आणि पुढची बरीच वाट गाडीत एक बेडूक नाचत राहिला.

उत्तर तो नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला मिळालं होतं, कुणी न शिकवता. आक्काचं लग्न होऊन पहिलीच पंचमी. बाप फौजेत, सीमेवर कुठेतरी. सुट्टी मिळाली नाही. आईने याला उभं केलं, डोक्याला चपचपीत तेल लावलं, शाळेचाच पण इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला आणि दोन्ही खांदे धरून म्हणाली, “आता तू मुराळी. दारात गेलास की आदी उंबऱ्याबाहीर उभा ऱ्हायाचं. पानी दिलं की पाय धुवायचं. कुनी काय इचारलं तर ‘बरं हाय’ म्हनायचं. जेवल्याबिगर निघायचं न्हाई, आन् मागून काय खायाचं न्हाई.” चुलतभाऊ गुंडाने त्याला कराडच्या स्टँडवर गाडी बदलून दिली, कंडक्टरला सांगितलं, आणि तो एकटा कडेगावात उतरला. वस्तीवर जाणारी वाट तेव्हा नुसता चिखल होती. चपला हातात घेऊन तो गेला. हरणाबाई तेव्हा चांगल्या उंच, कडक. त्या दारात आल्या, या एवढ्याशा पोराकडे पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि आत बघून मोठ्याने म्हणाल्या, “पाय धुवायला पानी द्या गं, मुराळी आलाय.” त्याच्या पिंढऱ्यांपर्यंत चिखल होता. पितळी तांब्याने पाणी घातलं गेलं. घरातली मोठी माणसं, मिशांची, पागोट्याची, त्याला आवं-जावं करत होती. शिराळ्याकडं पाऊस कसा हाय? बरा हाय. वडलांचं पत्र हाय का? बरं हाय. तो पाटावर बसला, ताटात पोळी आली, तूप आलं, आणि त्या सगळ्या गोंधळात त्याचे डोळे आक्काला शोधत होते. ती समोर आलीच नाही. आतल्या दाराच्या फटीत हिरव्या बांगड्यांचा एक हात आणि एक डोळा दिसत होता, बस्स. तो डोळा विश्वजीत कधी विसरला नाही. त्या डोळ्यात त्याच्याकडे बघण्यापेक्षा त्या पाटाकडे, ताटाकडे, त्याच्यापुढे वाकणाऱ्या माणसांकडे बघणं जास्त होतं. जणू सगळ्यांना ती सांगत होती, बघा, मला माणूस हाय. मग निघाले. वस्ती संपेपर्यंत आक्का डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून चालली, आणि ओढ्याच्या पुढे गेल्याबरोबर तिने पदर खांद्यावर टाकला, त्याच्या हातातली पिशवी हिसकावली आणि “चल, गाडी चुकंल” म्हणत चिखलातून पळत सुटली. एकोणीस वर्षांची होती ती. स्टँडवर तिने त्याला गारेगार घेऊन दिलं आणि त्याने ते खाल्लं, कारण मागून खायचं नाही असं आई म्हणाली होती, दिलेलं खायचं नाही असं म्हणाली नव्हती.

बेडूक थांबला. शिवतेज झोपला होता, मान एकीकडे टाकून, तोंड उघडं. झोपलेल्या मुलाची मान बघितली की विश्वजीतला नेहमी स्वतःचीच भीती वाटायची, आपण किती जपून चालवतो आणि तरी किती बेफिकीर आहोत याची. नंतरची वर्षं कशी गेली ते त्याला धड आठवेना. तो दोन-तीनदा मुराळी झाला. मग दहावी, मग सांगलीला हॉस्टेल, मग पुणे, मग नोकरी. मुराळी व्हायला दुसरं कुणीतरी मिळत गेलं. गुंडा जीप घेऊन जायचा. आई फोनवर फक्त एवढंच म्हणायची, “आक्का आली बरं का. गुंडानं आनली.” त्यात तक्रार नसायची, आणि तक्रार नाही म्हणून त्याने ती कधी ऐकली नाही. यंदा गुंडानेच फोन करून सांगितलं होतं, “औंदा तू जा गड्या. आता घर तुजं हाय. मी कोन?” तेव्हा विश्वजीतला जरा दचकायलाच झालं होतं. घर आपलं झालं म्हणजे नक्की काय झालं, हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. किल्ली आपल्याकडे आली एवढंच कळलं होतं. पण आता उंब्रजच्या आसपास, दोन्हीकडे ऊस आणि काचेवर वायपर, हे त्याला अगदी साधं आणि स्पष्ट कळलं. आई असताना आक्का आईकडे यायची. आता ती यायची तर त्याच्याकडेच येणार, नाहीतर कुठेच नाही. तिला माहेर आहे की नाही हे आजच्या दिवसात ठरणार होतं, आणि ते ठरवण्यासाठी त्याला फक्त एका डांबरी रस्त्याने एका दारापर्यंत जायचं होतं. आणि तो म्हणाला होता, वाट वाकडी होते.

“सू आली,” शिवतेज उठून म्हणाला.

त्याने गाडी सर्व्हिस रोडला घेतली. उसाच्या कडेला शिवतेजला उभं केलं, त्याच्या डोक्यावर छत्री धरली, आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. आक्का, मी दारात येतो. तू कुठं हलू नको. पोरं काय मरत न्हाईत तासाभरानं. हेच बोलायचं. वाक्य तयार होतं, शिराळ्याच्या मराठीत तयार होतं. फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. “बाबा, छत्री,” शिवतेज म्हणाला, कारण छत्री भलतीकडेच गेली होती आणि त्याच्या मानेवर पाणी पडत होतं. तिसऱ्यांदा वाजून बंद झाला. गोठ्यात असेल, त्याने स्वतःला सांगितलं. आंघोळीला गेली असेल. ती एवढ्यात निघणार नाही. बाई माणसाचं आवरायला वेळ लागतो. एकदम त्याला हुरूप आला. त्याने शिवतेजला उचलून गाडीत टाकलं, उत्कर्षाला म्हणाला, “आपण जायचं आत्याच्या घरी. दारात. पोळ्या खायच्या.” उत्कर्षाने टाळी वाजवली. “मुराळी!” ती ओरडली. “मुराळी!” शिवतेजही ओरडला, त्याला काहीही कळलं नव्हतं तरी. गाडीत एवढा आनंद सकाळपासून झाला नव्हता. विश्वजीतला वाटलं, चुकत चुकत का होईना, माणसाला वेळेवर सुचतं. टोलनाका गेला आणि तेवढ्यात फोन वाजला.

“अरं, एसटीत आवाजच आला न्हाई फोनचा,” आक्का म्हणाली. मागे हॉर्न, माणसं, कुणीतरी केळी विकत होतं. “मी आले बघ कराडात. तू म्हनलास आन् लगीच निघाले. म्हटलं, पोरं ताटकळाय नकोत.”

“हॅलो?” आक्का म्हणाली. “हाईस न्हवं? सावकास ये. मी हाय पुलाखाली.”

“आलोच,” तो म्हणाला.

मागचा ‘मुराळी’चा गजर थांबला. मुलांना आवाजावरून सगळं कळतं.

ती पुलाच्या खांबाला टेकून उभी होती. नवी जांभळी साडी, इस्त्रीची घडी अजून दिसत होती, डोक्यावर पदर, पायाशी कापडी पिशवी आणि हातात झाकणाची किटली. वरून हायवेचा धडधडाट, समोर रिक्षा, फळांचे गाडे, चिखलाचं पाणी उडवत जाणारे ट्रक. तिच्या साडीच्या काठावर चिखल उडाला होता आणि तो दिसू नये म्हणून तिने पिशवी पुढे धरली होती. आईनंतर ती बारीक झाली होती. नाहीतर ती नेहमी अशीच होती, असंही असेल. त्याने तिला बऱ्याच वर्षांत असं लांबून, तिचं लक्ष नसताना, पाहिलं नव्हतं. तिने गाडी पाहिली आणि हात वर केला, रिक्षाला करतात तसा. तो हात बघून त्याला रडू आलं. गाडी थांबेपर्यंत त्याने ते गिळलं.

“आलास व्हय रं!” आक्का म्हणाली, आणि त्याच्याकडे न येता सरळ मागचं दार उघडून शिवतेजच्या कपाळाला हात लावला. मग गळ्याला लावला. मग पाठीला. “न्हाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “देवा, न्हाई.” मग त्याच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून तिने आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. शिवतेज आवाजाने हरखला. “पुन्हा,” म्हणाला.

“काय झालं आक्का?”

“काय न्हाई. चल तू.” पुढच्या सीटवर पिशव्या होत्या, त्या काढायला तो वाकला तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. मी पोरांपाशी बसते,” आणि दोघांच्या मध्ये, ओल्या सीटवर, ती नव्या साडीसकट बसली. वास तिला आला असणारच. ती काही बोलली नाही.

विश्वजीतने गाडी सुरू केली नाही. तो मागे वळला. “आक्का, ऐक. आपन आता कडेगावला जाऊया. लांब काय हाय? मी दारात येतो. हरणाबाईस्नी भेटतो, पोरं पोळ्या खातील, तासाभरानं निघू. चल.”

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. क्षणभर, अगदी क्षणभर, तिच्या डोळ्यात ती दाराच्या फटीतली पोर दिसली. मग तिने मान हलवली.

“आता न्हाई जमायचं रं.”

“का न्हाई? पोळ्या केल्यास न्हवं तू?”

“केल्यात. आनल्यात की.” तिने पिशवी थोपटली. “आमटीबी हाय किटलीत. तूप लावलंय. तुजं ताट तिथं मांडनार हुते, आता हितंच खा.”

“मग चल की घरी.”

“काय तोंडानं जाऊ?” आक्का हळूच म्हणाली. “सकाळपासनं सगळी दारात हुती. तुजा फोन आला तवाबी सासूबाई म्होरंच. काय सांगू? भाऊ म्हनतोय पुलाखाली ये म्हनून? त्यास्नी म्हटलं, पोराला ताप चढलाय. सनकून चढलाय. त्याला घिऊन कराडात दवाखान्यात बसलाय, म्हनून मलाच जाया पायजे.” ती थांबली. “आता ह्यो असा हसत खेळत दारात उतरला, तर काय म्हनतील?”

शिवतेज तिच्या हिरव्या बांगड्या एकेक करून मोजत होता आणि दर वेळी सातवर येऊन चुकत होता.

“उपास तुजा धरलाय,” आक्का म्हणाली, “आन् तुज्याच पोरावर असलं वंगाळ बोलले मी. सनाच्या दिवशी. एसटीत सारखं मनात, खरंच चढला नसंल ना? फोन वाजत हुता, पर घ्यायचं भ्या वाटत हुतं.” तिने पुन्हा शिवतेजच्या कपाळाला हात लावला. आता कारण नव्हतं, तरी लावला.

माफी मागावी असं त्याला वाटलं. पण माफी मागितली असती तर तिने लगेच दिली असती, ‘असू दे रं’ म्हणाली असती, आणि मग त्याला मोकळं वाटलं असतं. मोकळं वाटायचा हक्क आपल्याला नाही, असं त्याच्या मनात स्वच्छ आलं. तिच्या दारात पितळी तांब्या भरून ठेवला असणार. हरणाबाईंनी पाट काढला असणार. ते सगळं आता कुणीतरी परत आत नेऊन ठेवलं असेल, त्या आजारी पोराबद्दल हळहळत. आणि तो रस्ता, पार दारापर्यंतचा, नुसताच पडून होता, पावसात धुतलेला. पुढच्या वर्षी गेलो तरी हे आजचं जाणं होणार नव्हतं. आईनंतरची पहिली पंचमी एकदाच येते.

पुलाखालीच, गाडीत, आक्काने मुलांना पोळ्या चारल्या. स्टीलच्या डब्याच्या झाकणात एक पोळी, वर तूप, असं तिने पुढे दिलं. “खा. मुराळ्यानं जेवल्याबिगर निघायचं नसतं.” तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं, टोमणा नव्हता. त्याने खाल्लं. “तू?” म्हणून त्याने विचारलं नाही, ती आज काही खाणार नव्हती, उद्या नागाची पूजा झाल्यावरच. पोळी मऊ होती, जायफळ जास्त, आईच्या हातासारखी.

ते हायवेला लागल्यावर आक्काचा फोन वाजला. हरणाबाईंचा होता. म्हाताऱ्या माणसाचा मोठा आवाज पुढेपर्यंत आला, पोराचं कसं हाय? आक्का खिडकीकडे वळली.

“व्हय, बसले गाडीत. उतरलाय आता ताप. सुई दिलीया... आवं न्हाई, काळजी करू नगासा... व्हय, भाऊ जेवला की. पोटभर जेवला. लय वंगाळ वाटलं बघा त्याला, दारात यायचं ऱ्हायलं म्हनून. सारखं म्हनतोय, तुज्या सासूबाईंच्या पाया पडायचं ऱ्हायलं माजं... बरं. सांगते. बरं.”

फोन पिशवीत गेला.

“आत्या,” उत्कर्षा म्हणाली, “शिवतेजला ताप नाहीये. तू खोटं बोललीस.”

“व्हय बाई. बोलले.”

“का?”

“तुज्या बाबाला कुनी नावं ठिऊ नेत म्हनून.”

उत्कर्षाने आरशात पाहिलं. विश्वजीतने आरशातून डोळे काढून रस्त्यावर ठेवले. तिला आता तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं की काय, कुणास ठाऊक. मग ती आत्याच्या पलीकडे वाकून भावाला म्हणाली, “शिवतेज, मी मोठी झाले ना, की तू माझा मुराळी. तू मला न्यायला येशील? घरापर्यंत?”

शिवतेजचं पोट भरलं होतं, डोळे मिटत होते. आत्याच्या मांडीवर डोकं ठेवत तो म्हणाला, “तूच ये ना. पुलाखाली ये.”

आक्काने त्याच्या ओठांवर हात ठेवला, अगदी हलका.

“असं म्हनू ने रं राजा,” ती म्हणाली. “दारात जायाचं असतंय. दारात गेल्याबिगर भन येत न्हाई.”

पण तू तर आलीस, असं विश्वजीतच्या अगदी जिभेवर आलं होतं. पेठ नाक्याचा फाटा आला. तो शिराळ्याकडे वळला आणि त्याने आपल्या बाजूची काच थोडी खाली केली. गाडीतला वास अजून गेला नव्हता.